शंभर टक्के वापर म्हणे!

मंडळी, शाळेतला तो प्रयोग आठवतोय? मोरचुदाच्या निळ्या पाण्यात लोखंडी खिळा सोडायचा, थोड्या वेळात त्यावर तांब्याचा लालसर थर. मार्क मिळाले, विषय संपला. आपल्या तांबे उद्योगानेही तो विषय तिथेच सोडलाय की काय, अशी शंका येते मला.

एक टन तांबं वितळवून काढताना साधारण २.२ टन स्लॅग, म्हणजे धातुमळी, निघते. तिच्यात तांबं उरतं ०.५ ते २ टक्के. आता गंमत बघा. मध्य प्रदेशात मलांजखंडला ज्या खनिजासाठी आपण डोंगर फोडला, त्यात तांबं एक टक्क्याच्या आसपास! तिकडे एक टक्का म्हणजे 'खाण', इकडे तेवढाच 'कचरा'.

२०१६ च्या आयएस ३८३ मानकानुसार ही स्लॅग काँक्रीटमध्ये वाळूऐवजी काही प्रमाणात चालते. नदीची वाळू वाचते, मान्य. पण काँक्रीटमध्ये गेलेलं तांबं गेलंच की! त्याला 'शंभर टक्के वापर' म्हणायचं? आमच्याकडे याला बग न सोडवता तिकीट बंद करणं म्हणतात.

"आम्लात विरघळवून काढणं परवडत नाही हो," हे ठरलेलं उत्तर. अडचण खरी आहे. स्लॅगमधलं लोखंडच आम्ल पिऊन टाकतं, आणि सिलिकाची अशी जेली होते की गाळता गाळत नाही. पण बंद भांड्यात ऑक्सिजनच्या दाबाखाली, २०० अंशांच्या वर हेच केलं, तर लोखंड हेमाटाइट होऊन खाली बसतं, आम्ल मोकळं होतं आणि जेलीही टळते. खर्चिक आहे, अशक्य नाही.

बरं, स्लॅग राहू द्या. भट्टीच्या धुरातून पकडलेल्या धुळीचं काय? तिच्यातलं बरंचसं तांबं सौम्य सल्फ्युरिक आम्लात सहज उतरतं. ते आम्ल तर स्मेल्टर गंधकाच्या धुरातून स्वतःच बनवतो! तरी ती धूळ बरेचदा परत भट्टीत जाते आणि आर्सेनिक आतल्या आत फिरत राहतं. धुवून काढली, तर तांबं मिळतं आणि आर्सेनिक लोखंडाबरोबर स्कोरोडाइट करून बांधून ठेवता येतं.

२०१८ साली तुतिकोरिनचा स्मेल्टर बंद झाला आणि शुद्ध तांबं निर्यात करणारा आपला देश आयातदार झाला. अशा वेळी माझी मागणी साधी आहे. स्लॅग विकण्याआधी तिच्यात किती तांबं शिल्लक आहे ते जाहीर करा, आणि ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल तर आधी काढा. नवा डोंगर फोडायची परवानगी त्यानंतर मागा.

असो. खिळा अजून मोरचुदाची वाट बघतोय.