साताऱ्याचा ऑलिंपिक इतिहास १९५२ साली सुरू होत नाही

१/ दर ऑलिंपिकला एक विधान समाजमाध्यमांवर फिरते : साताऱ्याचा ऑलिंपिक इतिहास खाशाबा जाधवांपासून सुरू होतो. खाशाबांविषयी संपूर्ण आदर राखूनही म्हणावे लागते, की हे विधान ३२ वर्षांनी चुकले आहे.

२/ २२ ऑगस्ट १९२० रोजी अँटवर्पच्या मॅरेथॉनमध्ये साताऱ्याचे सदाशिव दातार धावले. भारताच्या त्या पहिल्या संघात अवघे सहा खेळाडू होते : धावपटू बॅनर्जी, चौगुले, दातार व कैकाडी, मल्ल नवले व शिंदे.

३/ हा संघ घडला तो धावपटूंमुळेच. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत शेतकरी घरांतील तरुण अनवाणी धावताना दोराबजी टाटांनी पाहिले. शास्त्रशुद्ध प्रशिक्षण नसतानाही त्यांची कामगिरी युरोपीय धावपटूंच्या जवळ जाणारी होती. टाटांनी हा विषय गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्यापुढे मांडला आणि अँटवर्पचा मार्ग खुला झाला.

४/ दातारांना ती शर्यत पूर्ण करता आली नाही. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९वे आले. अंतर होते ४२.७५ किलोमीटर, ऑलिंपिकमध्ये इतकी लांब मॅरेथॉन दुसरी झालेली नाही.

५/ येथे आक्षेप येतो : ‘पदक नाही, तर इतिहास कसला?’ हा आक्षेप निकालपत्रकाला इतिहास समजतो. खाशाबा १९४८ साली लंडनला सहावे आले होते. तेव्हाही पदक नव्हते. ते वर्ष वगळून हेलसिंकीचे कांस्यपदक समजावता येईल का? मग १९२० वगळून भारताचा ऑलिंपिक प्रवेश कसा समजावणार?

६/ सांगलीकरांनीही हे परके मानू नये. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते.

७/ खाशाबांच्या उपेक्षेबद्दल आपण हळहळतो, ते योग्यच आहे. पण तीच उपेक्षा दातारांच्या बाबतीत आपण स्वतः करत आहोत. येथे सरकारला दोष देण्याची सोय नाही.

८/ दरवर्षी साताऱ्यात हजारो धावपटू अर्धमॅरेथॉनसाठी यवतेश्वरचा घाट चढतात. त्या शर्यतीच्या आरंभरेषेवर सदाशिव दातार हे नाव लिहिलेले असावे, एवढीच मागणी आहे.