पुडीत काय आहे, ते पारखूनच ठरवा



ऑगस्ट २०२५ मध्ये काशीमिरा येथे आमच्या मिरा-भाईंदर पोलिसांनी १०५ ग्रॅम एम.डी. पकडले. तो धागा धरून सप्टेंबरात पोलीस थेट हैदराबादच्या चेर्लापल्लीतील कारखान्यापर्यंत पोहोचले. बातमी वाचून आमच्या डोळ्यांपुढे वस्तीतील पोरे आली.

एम.डी. म्हणजे मेफेड्रोन. २०१५ पासून ते अंमली पदार्थांच्या कायद्यात आहे. ५० ग्रॅमहून अधिक सापडले तर किमान दहा वर्षे सक्तमजुरी! पण पांढरी भुकटी तर मिठाचीही असते आणि औषधाचीही. मग ओळखायचे कसे?

चुलीतील निखाऱ्याची धग दुरून अंगाला लागते, ती डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांची. आता हातात मावेल असे यंत्र निघाले आहे. ते हेच किरण चिमूटभर भुकटीवर सोडते. प्रत्येक पदार्थ आपल्या घडणीप्रमाणे ठराविक किरण शोषून घेतो. त्यावरून जी रेघ उमटते, ती जणू त्या पदार्थाच्या अंगठ्याचा ठसा! साठवलेल्या ठशांशी ती ताडून यंत्र थोड्याच वेळात नाव सांगते. भुकटी खर्चही होत नाही. तीच प्रयोगशाळेत पाठविता येते.

मात्र भेसळीत ठसे मिसळतात, थोडासा पदार्थ तर यंत्राला दिसतही नाही. म्हणून कलिना येथील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणची तपासणी हवीच.

हे आम्ही का सांगतो? २०२३ साली केरळातील चालकुडी येथे ब्युटी पार्लर चालविणाऱ्या एका भगिनीला एल.एस.डी. बाळगल्याच्या आरोपावरून अटक झाली. तिने ७२ दिवस तुरुंगात काढले. पुढे प्रयोगशाळेचा अहवाल आला, तो पदार्थ एल.एस.डी. नव्हताच! गेलेले दिवस तिला कोण परत देणार?

तथागतांनी कालामांना सांगितले की, ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, पारखून घ्या. हे पोलिसांना लागू, तसेच आपल्यालाही. कुणाच्या पोराला पकडले की वस्तीने त्याला लगेच गर्दुल्ला ठरवू नये. आई-बापांनी पंचनामा, वजन, मोहोरबंद नमुने आणि तपासणीचा अहवाल यांची चौकशी करावी. वकील परवडत नसेल तर कोठडीतील प्रत्येकाला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, तो बाबासाहेबांच्या लेकरांनी हक्काने मागावा.

आणि पाचवे शील? ते विहारात नुसते म्हणण्यासाठी नाही. पोराला पुडीपासून दूर ठेवणारे यंत्र अजून निघालेले नाही. ते काम घरातच करावे लागेल.