तपासणीची सक्ती कोणावर?

"सर्वांस मोफत उपचार हवे असतील, तर सर्वांनी ठरल्या वेळी तपासणी करून घेतलीच पाहिजे, जो करणार नाही त्याच्या आजाराचा भार शासनाने का वाहावा?" असा सवाल हल्ली सुशिक्षित वर्गातून वारंवार ऐकू येतो. वरवर पाहता तो न्याय्य वाटतो. रक्तदाब, मधुमेह, तोंडाचा अथवा गर्भाशयमुखाचा कर्करोग हे आरंभीच उमगले तर माणूस वाचतो, हे कोणीही सुज्ञ नाकारणार नाही. आम्हीही नाकारीत नाही. तपासणी अवश्य करून घ्यावी. पण ज्याने ती केली नाही त्याचा उपचाराचा हक्क हिरावून घ्यावा काय? आमचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातील डोंगरउतारावरच्या एखाद्या बौद्धवाडीचा विचार करा. आरोग्य उपकेंद्र दुसऱ्या गावात, एस. टी. दिवसातून एकदोन वेळा, आंबा-काजूच्या हंगामात एक दिवस बुडला तर त्या दिवसाची मजुरी बुडाली. कर्ता पुरुष मुंबईस. तो येणार शिमग्याला किंवा गणपतीला. त्याच्या तपासणीची नोंद कोणत्या वहीत व्हावयाची? पगारदार मनुष्याला कचेरीतून रजा मिळते, शहरात दवाखाना हाकेच्या अंतरावर असतो. नियम दोघांस एकच, परंतु वर्षअखेर कोरे पान कोणाचे राहील, हे सांगावयास ज्योतिषी नको. कागद नसल्यामुळे हक्क बुडालेली माणसे आम्ही वकिलीच्या व्यवसायात नित्य पाहतो. त्यात आणखी एका कागदाची भर कशाला?

आता शासनाचा हिशेब पाहू. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. तीच पुढे महात्मा ज्योतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. २०२४ पासून शिधापत्रिकेचा रंग न पाहता राज्यातील कुटुंबांस वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण तिच्यात आहे. हे स्वागतार्ह आहे. परंतु ही योजना मुख्यतः मनुष्य रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांची आहे. तिशी ओलांडलेल्यांचा रक्तदाब, साखर आणि कर्करोगाची प्राथमिक तपासणी ही कामे आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणविणाऱ्या केंद्रांकडे दिलेली आहेत. जेथे परिचारिकेची जागा रिकामी आहे किंवा साखर तपासण्याची पट्टी संपलेली आहे, तेथे तपासणी न झाल्याचा दंड रोग्याने भरावा, हा कोणता न्याय?

सक्तीच्या तपासणीचा इतिहास आपल्या शेजारीच लिहिला गेला आहे. १९८९ साली गोव्यात म्हापसा येथे डॉमिनिक डिसोझा या तरुणास, त्याने रक्तदान केले आणि त्या रक्तात एच. आय. व्ही. आढळला, एवढ्यावरून पोलिसांकरवी उचलून ६४ दिवस जुन्या क्षयरुग्णालयात डांबले गेले. मुंबई उच्च न्यायालयापुढे १९९७ साली एका रोजंदारी मजुराचे प्रकरण आले. सार्वजनिक उपक्रमात कायम होण्यापूर्वी त्याची वैद्यकीय तपासणी झाली, तोच विषाणू आढळला, आणि तो कामास समर्थ असूनही त्याचे नाव यादीतून उडविले गेले. न्यायालयाने त्यास न्याय दिला. पण प्रत्येक मजुराला उच्च न्यायालयाची पायरी चढता येते काय? अखेर २०१७ च्या कायद्याने या विषाणूच्या चाचणीस रोग्याची संमती आवश्यक ठरविली.

सिकलसेलचा प्रश्न तर आपल्या अधिक जिव्हाळ्याचा आहे, कारण विदर्भात हा रोग आदिवासींप्रमाणेच आपल्या समाजातही आढळतो. अमेरिकेत १९७० नंतर अनेक राज्यांनी काळ्या लोकांसाठी ही चाचणी सक्तीची केली. परिणाम काय झाला? ज्यांना रोग नव्हता, केवळ रोगाचा वाहक गुण होता, त्यांच्याकडून विमा कंपन्या जादा हप्ता मागू लागल्या. हवाई दलाच्या अकादमीचे दार तर अशा तरुणांस १९८१ पर्यंत बंद होते. १९७२ च्या संघीय कायद्याने चाचणी स्वेच्छेची असावी अशी अट घातली. आपल्याकडे २०२३ साली ७ कोटी लोकांच्या सिकलसेल चाचणीचा संकल्प सोडला गेला. चाचणी व्हावी, परंतु त्या कार्डावरून उद्या मुलीचे लग्न मोडले तर जबाबदार कोण, याचेही उत्तर हवे.

"सक्तीवाचून अडाणी लोक येत नाहीत," असे म्हणणाऱ्यांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांकडे पाहावे. टाटा स्मृती रुग्णालयाने १९९८ पासून तेथील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. ज्या गटाला तपासणी देऊ केली, त्यात दहावी शिकलेल्या आणि काही आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रियांनी व्हिनेगर लावून गर्भाशयमुख तपासले. दंड नव्हता, धमकी नव्हती. तरीही ८९ टक्के स्त्रिया आल्या, आणि त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. (दुसऱ्या गटातील स्त्रियांना केवळ आरोग्यशिक्षण मिळाले, तपासणी नाही, यावर पुढे टीका झाली, ती रास्तच होती.) दोष आढळलेल्यांपैकी मात्र सुमारे ७९ टक्केच पक्क्या निदानास पोहोचल्या. म्हणजे गळती तपासणीनंतर, मोठ्या रुग्णालयाच्या वाटेवर होते. तेथे सक्तीचा काय उपयोग? तेथे गाडीभाडे हवे, बुडालेली मजुरी भरून हवी.

साथीच्या काळात काही मर्यादित निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली मान्य केले, परंतु कोणालाही लस टोचून घेण्यास भाग पाडता येणार नाही, असेही त्याच निकालात सांगितले. मधुमेह तर शेजाऱ्याला लागतही नाही. जपानने २००८ साली ४० ते ७४ वर्षांच्या लोकांची तपासणी उपलब्ध करून देण्याचे बंधन विमा संस्थांवर घातले. सक्ती करावयाचीच असेल तर ती अशी, देणाऱ्यावर करावी.

तेव्हा बंधूंनो आणि भगिनींनो, पुढील ग्रामसभेत आपल्या वाडीतून लेखी ठराव द्या: तपासणीचे पथक महिन्यातून एकदा वाडीत यावे, तेही चाकरमानी घरी असतील अशा दिवसांत, दोष आढळल्यास जिल्हा रुग्णालयापर्यंतच्या प्रवासाची सोय शासनाने करावी, तपासणीचा निकाल रोग्याखेरीज कोणासही दाखवू नये. ठरावाची नक्कल सही-शिक्क्यानिशी घेऊन घरी जपून ठेवा.