ऑनलाइन दुकान टाका, पण आधी बायकोची मजुरी धरा



मागच्या महिन्यात पगार झाला त्या रात्री शेजारच्या खोलीतला एक पोरगा मोबाईल घेऊन माझ्याकडे आला. नांदेडकडचा, स्टील फिक्सर, दुबईत येऊन दोन वर्षं झालीत. म्हणाला, "दादा, जरा बघा ना, भरू का पैसे?" बघितलं तर जाहिरात. घरबसल्या ऑनलाइन स्टोअर, महिन्याला लाखाची कमाई, वेबसाइट आणि कोर्स मिळून फक्त तीस हजार, ऑफर आज रात्री बारापर्यंतच. पोराचं एजंटचं कर्ज अजून फिटलेलं नाही. मी म्हटलं, "उद्या भर. ऑफर उद्याही असेल." उद्या होती. परवाही होती.

त्याला थांबवलं, कारण मी स्वतः थांबलो नव्हतो. चार वर्षांपूर्वी अशाच एका माणसाला मी ४५ हजार रुपये दिले. सिव्हिलचा डिप्लोमा झालाय, रोज शंभर माणसांचं काम मोजून घेतो, काँक्रीटच्या गाडीची चिठ्ठी तपासल्याशिवाय सही करत नाही. पण मोबाईलवरच्या गोड बोलण्याला सही न बघता पैसे दिले. म्हणून आज लिहितोय. ऑनलाइन दुकान वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. उलट मी म्हणतो, जमेल त्याने टाकाच. पण ते कुणाच्या नावावर, कुणाच्या मेहनतीवर आणि कुठल्या हिशेबावर उभं राहतं, ते आधी बघा.

माझं गाव संगमेश्वर तालुक्यात. घरची कोकमाची झाडं आहेत. बायको आणि आई दरवर्षी आमसुलं घालतात, आगळ काढतात, कुळथाचं पीठ दळतात, तांदळाचे पापड करतात. वाटलं, हे सगळं वेबसाइटवर टाकलं की झालं. वेबसाइट झकास झाली. रंगीत, फिरणारे फोटो, इंग्रजीत 'आमच्याबद्दल'. चार महिन्यांत ऑर्डर आल्या नऊ. त्यातल्या पाच माझ्याच नातेवाइकांच्या. दुसऱ्या वर्षी त्या माणसाने नूतनीकरणाचे म्हणून आणखी पैसे मागितले, मी दिले नाहीत, आणि एका सकाळी दुकान गायब. तेव्हा कळलं, वेबसाइटचं नाव त्याने स्वतःच्या नावावर घेतलं होतं. आमच्या गावाचं नाव, आमच्या मालाचं नाव, आणि मालक तो.

आपल्यातल्या किती जणांचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असतात? यूएईत कंपनीने पासपोर्ट असा ठेवून घेणं बेकायदेशीर आहे, हे आपण एकमेकांना सांगत असतो. मग दुकानाचा पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात कशाला ठेवायचा? वेबसाइटचं नाव, त्याचा पासवर्ड, व्हॉट्सॲपचा नंबर, पैसे जमा होणारं खातं, या चार गोष्टी आपल्या घरच्या माणसाच्या नावावर असल्या पाहिजेत. बाकी काम कुणाकडूनही करून घ्या.

वेबसाइट गेल्यावर बायको म्हणाली, "बरं झालं. आता मी करते." तिने व्हॉट्सॲप बिझनेस घेतलं. ते फुकट आहे, त्यात मालाचं कॅटलॉग लावता येतं, फोटो, वजन, किंमत सगळं. माझ्या मते आपल्यासारख्यांचं पहिलं दुकान हेच असावं. वेबसाइट नंतर, जेव्हा पुन्हा पुन्हा मागवणारी शंभर घरं होतील तेव्हा. पाया भरायच्या आधी कुणी टाइल्स आणत नाही.

पण खरी चूक वेबसाइटची नव्हती, हिशेबाची होती. अर्धा किलो आमसुलाचं पाकीट आम्ही २५० रुपयांना विकत होतो, कुरिअरसकट. कोकमं, मीठ वगैरे धरून ९० रुपये. पिशवी, खोका, लेबल २२. मुंबईपर्यंत कुरिअर ७५. झाले १८७. मी खुशीत, पाकिटामागे ६३ रुपये नफा! हे मी सुट्टीच्या दिवशी फोनवर बायकोला सांगत होतो. ती म्हणाली, "आणि मी? मी कुठल्या खात्यात?"

मी गप्प झालो. फळ फोडायचं, बिया काढायच्या, सालं रसात भिजवून उन्हात घालायची, पुन्हा भिजवायची, पुन्हा वाळवायची, पावसाचं एक सरवट आलं की धावत जाऊन उचलायची. तिच्या तासांना गावातल्या बाईच्या रोजाचा दर लावला तर पाकिटामागे ६० रुपये निघाले. म्हणजे नफा ६३ नव्हता, ३ रुपये होता. बाकीची तिची मजुरी होती आणि ती मी नफा म्हणून खिशात घालत होतो.

भावांनो, इथे आपण कशासाठी भांडतो? ओव्हरटाइमचे तास कापले म्हणून. यूएईच्या कायद्यात जादा तासाला बेसिकवर २५ टक्के वाढीव आहेत, रात्री दहा ते पहाटे चारच्या कामाला ५० टक्के. हे आपल्याला पाठ आहे. आणि घरी बायको पहाटे चारला उठून पापड लाटते, त्याला आपण 'तिचा वेळ जातो' म्हणतो. असं चालणार नाही. कंपनी आपल्याशी जे करते ते आपण घरी करायचं नाही. शिवाय साधा व्यवहार बघा. मजुरी न धरता किंमत ठरवली, तर ज्या दिवशी ऑर्डर वाढतील आणि शेजारच्या दोन बायका कामाला घ्याव्या लागतील, त्या दिवशी दुकान तोट्यात जाईल. बरीच घरगुती दुकानं ऑर्डर नाहीत म्हणून बंद पडत नाहीत, ऑर्डर वाढल्या म्हणून बंद पडतात.

मग आम्ही काय बदललं, ते सांगतो.

सुट्टं पाकीट पाठवणं बंद केलं. कुरिअरचा खर्च लहान पार्सलला जास्त बसतो. आता सहाशे रुपयांच्या खाली ऑर्डर घेत नाही. आमसुलं, कुळीथ पीठ, मसाला मिळून दोनेक किलोचा एकच डबा. पापड दुकानातून काढले. पापड हलके, पण कुरिअरवाला नुसतं वजन बघत नाही, खोक्याचं आकारमानही बघतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची, बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं, येईल ते किलो, आणि खऱ्या वजनापेक्षा ते जास्त भरलं तर पैसे त्याचे. ४० बाय ३० बाय ३० चा खोका म्हणजे ७.२ किलो. आत पापड दोन किलो, पोचेपर्यंत निम्मे मोडलेले. आगळाच्या काचेच्या बाटल्या फुटल्या, मग प्लॅस्टिकच्या घेतल्या, त्या झाकणातून गळल्या आणि वरचा पत्ताच धुऊन गेला. आता झाकणाखाली सील, बाटली पिशवीत, पिशवी खोक्यात, आणि पत्त्यावर चिकटपट्टी.

घरपोच पैसे घेणं, म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरी, बंद केलं. पाचातलं एक पार्सल परत यायचं. 'घरी नव्हतो', 'नको आता'. जाण्याचं भाडं आपलं, येण्याचं आपलं, आणि माल उन्हातून फिरून आलेला. आधी यूपीआयने पैसे, मग माल, असं केल्यावर पहिल्या महिन्यात ऑर्डर निम्म्यावर आल्या. बायको घाबरली, मीही घाबरलो. पण परत येणं जवळपास थांबलं आणि महिनाअखेरीस हातात पहिल्यांदा पैसे उरले.

यूपीआयवरून एक सांगतो, घरी आजच फोन करून सांगा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन फक्त द्यायला लागतो. "मी आर्मीतून बोलतोय, मोठी ऑर्डर आहे, हा क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे येतील" असे फोन छोट्या दुकानदारांना येतात. आमच्याकडेही आला होता. पिन टाकला की आपलंच खातं रिकामं. फसलोच तर ताबडतोब १९३० वर कळवायचं.

गिऱ्हाईक कुठलं, हाही विचार केला. कोर्सवाले म्हणतात, भारतभर विका, जगभर विका. आमचं गिऱ्हाईक मुंबई, ठाणे, पुण्याचं. गावचे चाकरमानी आणि त्यांच्या ओळखीचे. त्यांना आमसूल म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. आणि कायद्यानेही हे सोपं पडतं. आपल्याच राज्यात माल विकताना साधारणपणे ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. पण स्वतः दुसऱ्या राज्यात माल विकायला लागलात की उलाढाल कितीही असो, नोंदणीचा प्रश्न येतो. तेव्हा गोवा-बंगळूरकडे वळण्याआधी तालुक्याच्या कर सल्लागाराला विचारा.

खाण्याचा माल असेल तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागतेच, घरात करत असलात तरी. छोट्या धंद्याला साधी नोंदणी पुरते. आम्ही केली तेव्हा सरकारी फी वर्षाला १०० रुपये होती. तो चौदा आकडी नंबर पाकिटावर छापायचा. सोबत मालाचं नाव, काय काय घातलंय ते, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, तयार केल्याची आणि कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, पत्ता, तक्रारीचा फोन नंबर. उद्यम नोंदणी सरकारी साइटवर फुकट होते, तिचे दोन हजार मागणारा दिसला तर पुढे चला.

फोटो बायको दारातल्या उजेडात काढते, रंग न वाढवता. आमसूल काळपट असतं, ते काळपटच दिसलं पाहिजे. पहिल्यांदा लाल करून टाकलं होतं तर बायका विचारायच्या, आलेला माल वेगळा का? आता कॅटलॉगमध्येच लिहिलंय, यंदाचं आहे की गेल्या सालचं. खरं लिहिल्याने तक्रारी कमी झाल्या.

आता तुम्ही म्हणाल, आपण इथे बसून काय करायचं? मी हिशेबाची वही बघतो आणि मेसेज लिहून देतो. उन्हाळ्यात १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन उन्हातलं काम बंद असतं, तेव्हा भारतात दोन वाजलेले असतात, बायकोही जरा मोकळी असते. एवढंच. दुकान तिचं. नोंदणी तिच्या नावावर, खातं तिच्या नावावर. मी परदेशात राहणारा. माझं गावचं साधं बचत खातं नियमाप्रमाणे एनआरओ करून घ्यावं लागतं. त्यात धंद्याचे पैसे मिसळण्यात शहाणपण नाही. आणि एक धोक्याची सूचना. कंपनीच्या व्हिसावर असताना इथे कॅम्पात मसाले-लोणची मागवून विकू नका. परवाना नसताना केलेला धंदा दंड आणि थेट घरी, दोन्ही देऊ शकतो.

भांडवलाचं म्हणाल तर कर्ज काढू नका. तुमचा हक्काचा पैसा आहे, तो मोजा. यूएईत वर्ष पूर्ण झाल्यावर ग्रॅच्युइटी लागू होते. पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचं बेसिक, पुढे वर्षाला ३० दिवसांचं. बेसिक ९०० दिरहम असेल तर पाच वर्षांचे ३,१५० होतात. फार नाहीत, पण एका घरगुती दुकानाला पुरतात. घरी जाताना घाईत सही करून हे पैसे सोडणारे मी डोळ्यांनी पाहिलेत. कागद वाचल्याशिवाय सही करू नका.

काहीजण म्हणतात, हे सगळं करून मिळतं किती? आमच्या दुकानातून तिची मजुरी आणि शेजारच्या दोघींचा रोज काढून चांगल्या महिन्यात आठ-नऊ हजार उरतात. पावसाळ्यात दोनही उरत नाहीत. लाख तर कधीच नाहीत. पण मागच्या वर्षी कंपनीने करार बदलून कमी बेसिकवर सही मागितली, तेव्हा मी पहिल्यांदा "विचार करून सांगतो" म्हणालो. आधी असं म्हणायची माझी हिंमत नव्हती. घरची चूल चार महिने माझ्या पगाराशिवाय पेटेल, एवढं माहीत असलं की माणसाचा आवाज बदलतो. माझ्यासाठी दुकानाची खरी कमाई ही आहे. ती सगळ्यांना अशीच मिळेल असं नाही, आणि दुकान आहे म्हणून कंपनीने पगार थकवला तरी चालेल असंही नाही. हक्काचं ते मागायचंच.

त्या नांदेडच्या पोराला मी एवढंच सांगितलं की तीस हजार ठेव. आईला आणि वहिनीला शेंगदाण्याच्या चटणीची दहा पाकिटं करायला सांग, ओळखीच्या दहा घरांत पैसे घेऊन दे, आणि त्यातली किती घरं पुन्हा मागवतात ते बघ. त्याने घरी वही घ्यायला लावलीय. पहिल्या पानावर शेंगदाण्याचा भाव नाही लिहिला. लिहिलंय, आई तीन तास, वहिनी चार तास.

तुम्हीही वही तिथूनच सुरू करा.