विश्लेषण : लांबच्या भटकंतीसाठी दुचाकीऐवजी तीनचाकी… तिसऱ्या चाकाने नेमका कोणता आराम मिळतो?

आयुष्यभर मोटरसायकलवर भटकंती केलेल्या माणसाला पन्नाशी-साठीत एक प्रश्न गाठतोच. गुडघा पूर्वीसारखी साथ देत नाही, सामान लादलेली गाडी सिग्नलला जरा कलली की धस्स होते, पण भटकंती काही सोडवत नाही. अमेरिका, कॅनडा आणि युरोपात अशा चालकांसमोर तीनचाकी मोटरसायकलचा पर्याय आहे. आपल्याकडे मात्र घरातून एकच सल्ला मिळतो, ‘आता पुरे, कार घ्या.’ तीनचाकीकडे काही जण शरणागती म्हणून पाहतात, तर काहींना ती सगळ्या दुखण्यांवरचा इलाज वाटते. दोन्ही समज चुकीचे आहेत. तिसरे चाक एक ठरावीक अडचण सोडवते आणि काही नव्या अडचणी आणते. आपली अडचण कोणती, हे ओळखल्याशिवाय केलेला बदल महागात पडू शकतो.

या तीनचाकी गाड्या कोणत्या?

यांचे ढोबळ चार प्रकार आहेत. पहिला, मागे दोन चाके असलेली ‘ट्राइक’. हार्ले-डेव्हिडसनची ‘सर्व्ही-कार’ ही अशी तीनचाकी १९३२ ते १९७३ या काळात बनत होती आणि अमेरिकी पोलीसही ती वापरत. लांबच्या प्रवासासाठीची ‘ट्राय ग्लाइड’ २००९च्या मॉडेलपासून आली. होंडा गोल्ड विंगसारख्या मोठ्या दुचाकीचे मागचे चाक काढून तिथे दोन चाकांचा अॅक्सल बसवणारे किटही तिकडे मिळतात. दुसरा प्रकार पुढे दोन चाकांचा. कॅनडातील ‘बीआरपी’ने २००७ मध्ये आणलेली ‘कॅन-अॅम स्पायडर’ हे त्याचे ठळक उदाहरण. तिसरा प्रकार पुढे दोन चाके असूनही वळणावर झुकणाऱ्या गाड्यांचा, म्हणजे पियाजिओ ‘एमपी३’ किंवा यामाहा ‘नायकेन’. चौथा प्रकार आपल्या ओळखीचा, साइडकारचा.

तिसरे चाक काय सोपे करते?

उभ्या गाडीचा तोल. प्रवासी सामान लादलेली मोठी टूरिंग दुचाकी सहज ३५० किलोची असते. ती सरळ उभी असेपर्यंत एका बोटानेही सावरता येते. १० अंश कलली की हँडलपाशी साधारण ३० किलोचा भार येतो आणि २० अंश कलली की तो ६० किलोच्या घरात जातो. म्हणूनच गाडी बहुतेक वेळा धावताना नव्हे, तर खडीवर पाय सरकताना, यू-टर्न घेताना किंवा पार्किंगमधून बाहेर काढताना पडते. मागे जोडीदार बसलेला असेल तर धोका आणखी वाढतो. ट्राइक आणि स्पायडरमध्ये ही चिंता राहत नाही. पाय पायदानावरच राहतात, जोडीदार निवांत चढू-उतरू शकतो आणि मागे घेण्यासाठी रिव्हर्स गिअर असतो. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या किंवा पायातली ताकद कमी झालेल्या चालकासाठी हा फरक प्रवास चालू राहणे आणि थांबणे यांतला असू शकतो.

झुकणाऱ्या तीनचाकींबाबत मात्र एक गफलत होते. नायकेनची पुढची दोन चाके ओल्या रस्त्यावर पकड वाढवतात, पण थांबल्यावर ती गाडी दुचाकीसारखीच पायांवर पेलावी लागते. पुढे दोन चाके दिसतात म्हणून गुडघ्याला विश्रांती मिळेलच असे नाही.

मग कंबरेचे काय?

इथेच अनेकांचा अपेक्षाभंग होतो. दुचाकी वळणावर झुकते, त्यामुळे शरीरावरचा जोर सरळ सीटमध्ये उतरतो. न झुकणाऱ्या तीनचाकीत तोच जोर चालकाला वळणाच्या बाहेर ढकलतो. साधे गणित करून पाहा. ६० मीटर त्रिज्येचे वळण ताशी ५० किलोमीटर वेगाने घेतले, तर ७५ किलो वजनाच्या चालकाला सुमारे २५ किलोचा जोर बाजूला ढकलतो. दुचाकीस्वार १८ अंश झुकून तो पचवतो, त्याला तो जाणवतही नाही. तीनचाकीवर मात्र खांदे, दंड, पोट आणि मांड्यांना तो पेलावा लागतो. सरळ, रुंद महामार्गावर याचा त्रास होत नाही. दिवसभर घाट चढायचा-उतरायचा असेल, तर संध्याकाळी अंग बोलू लागते.

दुसरा मुद्दा खड्ड्यांचा. दुचाकीचा रस्त्यावर एकच माग असतो, त्यामुळे ती खड्ड्याच्या बाजूने निघून जाते. कार खड्डा दोन चाकांच्या मधे घेऊ शकते. तीनचाकीचे माग तीन. बाजूची चाके वाचवली की मधले चाक खड्ड्यात जाते. रिक्षाच्या मागच्या सीटवर बसणाऱ्या कोणालाही हे वेगळे सांगायला नको.

म्हणजे कंबरदुखीसाठी थेट तीनचाकीकडे जाणे हा उलटा क्रम आहे. आधी सीट, हँडलची उंची, पायदानाची जागा, सस्पेन्शन आणि दर तासाभराने थांबा, एवढे बदलून पाहावे. त्यांचा खर्च तुलनेने किरकोळ असतो.

हातापायांना पुन्हा शिकवावे लागते…

दुचाकी ठरावीक वेगाच्या पुढे डावीकडे वळवायची असेल, तर आपण नकळत डावे हँडल पुढे ढकलतो. गाडी डावीकडे झुकते आणि वळते. न झुकणाऱ्या तीनचाकीवर तेच केले तर गाडी उजवीकडे जाईल. तिथे हँडल हवे त्या दिशेलाच फिरवावे लागते. नेहमी हे ध्यानात राहते, पण अचानक कोणी आडवे आले की हात तीस वर्षांच्या सवयीने वागतात. तीच गोष्ट पायांची. चालत्या ट्राइकवर सवयीने पाय खाली टेकवला, तर मागचे चाक त्यावर चढू शकते. स्पायडरला तर पुढच्या ब्रेकचा हातातला लिव्हरच नाही, सगळे ब्रेक एका पायातल्या पेडलवर आहेत. अमेरिकेतील ‘मोटरसायकल सेफ्टी फाउंडेशन’ने तीनचाकीसाठी वेगळे प्रशिक्षण आखले आहे ते उगाच नाही. मुरलेल्या दुचाकीस्वारालाही इथे नवशिक्यासारखे शिकावे लागते.

दोन चाके पुढे असावीत की मागे?

तीन चाके जमिनीवर त्रिकोण करतात. गाडीचा भार त्या त्रिकोणात राहिला तर ती स्थिर राहते. वळता वळता ब्रेक दाबला की भार पुढे आणि बाहेरच्या बाजूला सरकतो. पुढे एकच चाक असेल तर नेमकी तिथेच त्रिकोणाची निमुळती बाजू असते आणि आतले मागचे चाक उचलले जाऊ शकते. पुढे दोन चाके असली तर हा धोका घटतो. स्पायडरमध्ये त्यावर इलेक्ट्रॉनिक स्थिरता यंत्रणाही आहे. ट्राइकच्या बाजूने सामानाची मोठी जागा आणि जुन्याच गाडीचे रूपांतर करण्याची सोय हे मुद्दे आहेत. वळणांच्या प्रदेशात फिरायचे असेल, तर पुढे दोन चाके अधिक भरवशाची.

आपले रस्ते आणि कायदा काय सांगतात?

स्पायडरची टूरिंग आवृत्ती सुमारे दीड मीटर रुंद, म्हणजे रिक्षापेक्षाही ऐसपैस. वाहतूक कोंडीतून वाट काढणे विसरावे लागेल. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर दुचाकी आणि तीनचाकी दोन्हींना मज्जाव आहे. जिथे तीनचाकीचा आराम सर्वाधिक मिळेल, ते सरळ-गुळगुळीत रस्तेच तिला बंद आहेत.

कायद्यात साइडकारला जागा आहे. मोटार वाहन कायद्यातील मोटरसायकलच्या व्याख्येत जास्तीचे चाक असलेली, काढता येणारी साइडकार धरलेली आहे. मात्र आपल्याकडे ती डाव्या बाजूला असल्याने डाव्या वळणावर तिचे चाक उचलले जाऊ पाहते, वेग वाढवताना गाडी डावीकडे ओढते आणि ब्रेक लावताना उजवीकडे. दिव्यांग व्यक्तीसाठी बदल केलेल्या गाडीचीही कायद्यात स्वतंत्र तरतूद आहे आणि त्या बदलाची आरटीओत नोंद करता येते. जोड-चाकांच्या स्कूटरवर महाराष्ट्रात हजारो दिव्यांग रोज प्रवास करतात. ‘लंगडी गाडी’ म्हणून तिची टिंगल करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की ते चालक तोलाचा हा प्रश्न केव्हाच सोडवून बसले आहेत.

अडचण मधल्या माणसाची आहे. जो दिव्यांग नाही, पण ज्याचा गुडघा आता ३५० किलो पेलत नाही, त्याच्यासाठी आपल्याकडे सोय नाही. खासगी वापराच्या तीनचाकीची कल्पनाच आपल्या व्यवस्थेत रुजलेली नाही. तीनचाकी म्हणजे रिक्षा किंवा टेम्पो. अशा वेळी कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये मागे अॅक्सल जोडून घेण्याचा मोह टाळलाच पाहिजे. मंजुरीविना मूळ रचना बदलणे बेकायदा आहे आणि अपघात झाल्यास विम्याचा दावाही अडू शकतो. देशात वयाने वाढणाऱ्या चालकांची संख्या पाहता, प्रमाणित जोड-चाकांच्या संचाला वयस्कर चालकांसाठीही परवानगी देण्याचा विचार परिवहन खात्याने करायला हवा.

मग निर्णय कसा घ्यावा?

स्वतःला एकच प्रश्न विचारावा, त्रास गाडी थांबल्यावर होतो की चालताना? थांबल्यावर होत असेल, तर पहिला उपाय हलकी आणि कमी उंचीच्या सीटची दुचाकी. १२०-१३० किलोची गाडीही कोकण दाखवते. तीही पेलत नसेल तर तिसऱ्या चाकाचा विचार जरूर करावा आणि त्यात कमीपणा मानू नये. त्रास चालताना होत असेल, तर तिसरे चाक तो कमी करणार नाही, घाटात कदाचित वाढवेलच. परदेशातील मुलांकडे मुक्कामाला जाणाऱ्या हौशी चालकांनी तिथे तीनचाकी भाड्याने घेऊन, प्रशिक्षणासह, दोन दिवस चालवून पाहावी. लाखो रुपयांच्या जाहिरातीपेक्षा ते दोन दिवस अधिक खरे सांगतील.