झोपा कुणी केला, ते विचारा

शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत परिसरात २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत तीन आठवड्यांच्या आत तीन माणसं गेली. एक चिमुरडी, एक म्हातारी, एक तेरा वर्षांचा मुलगा. लोक भडकले, मंचरला पुणे-नाशिक महामार्ग अडवून बसले. मग नेमबाज आले, बिबट्या ठार झाला, पिंजऱ्यांच्या घोषणा झाल्या. यावर कुणी ‘बैल गेला आणि झोपा केला’ म्हटलं, की सभ्य मंडळी कानांवर हात ठेवतात. गेलेल्या लेकराला बैल म्हणता? मेल्या माणसाची बरोबरी जनावराशी?

हरकत अगदीच पोकळ नाही. दिवा ‘वाढवणारी’ आणि दारातून निघताना ‘येतो’ म्हणणारी आपली भाषा आहे, प्रसंग ओळखून बोलायचं तिला शिकवावं लागत नाही. सुतक असलेल्या घरी जाऊन ही म्हण ऐकवणारा माणूस अडाणीच. पण म्हणून ती अग्रलेखातून, ग्रामसभेतून, विधानसभेतूनही हद्दपार करायची?

म्हणीचा रोख कुणावर आहे, ते तरी बघा. झोपा म्हणजे गोठ्याचं काट्याकुट्यांचं दार. ते वेळेवर न लावणाऱ्या धन्याला ही म्हण झोडपते, बैलाला नाही. आणि ज्याच्या दावणीचा बैल गेलाय त्याला विचारा, बैलाची उपमा हलकी वाटते का ते. जुन्नर भागातल्या उसात बिबट्या राहतो, तिथेच पिल्लं घालतो, हे गेली पंचवीस वर्षं सगळ्यांना माहीत आहे. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्रही काल उघडलेलं नाही. तरी उसाला पाणी द्यायला शेतकरी रात्रीच जातो, कारण वीज रात्री येते. दिवसा वीज द्या, ही मागणी किती जुनी! अशा कारभाराला ‘विलंबित उपाययोजना’ म्हटलं की कुणालाच काही लागत नाही. संवेदनशीलतेच्या नावाखाली ही म्हण मागे घेतली, तर सुटतो तो धनीच.

दुसरं असं, की जनावरांच्या म्हणी शहरात बसून कुणी रचलेल्या नाहीत. ‘वाघ म्हटलं तरी खातो, वाघोबा म्हटलं तरी खातो’ हे वाघाच्या शेजारी राहिलेल्यांचं बोलणं आहे. वारली वाघोबाला पूजतात. अकोले-जुन्नरकडचे महादेव कोळी वाघबारस पाळतात. ज्यांची गुरं आणि माणसं वाघाने नेली, त्यांनीच त्याला देव केलं आणि म्हणीतही बसवलं. त्यांना आता आपण भाषेचा विधिनिषेध शिकवणार!

असंवेदनशीलता शोधायचीच असेल तर ती भलतीकडे सापडेल. ‘बिबट्याचा धुमाकूळ’ हा मथळा बघा. धुमाकूळ पोरं घालतात, माकडं घालतात. मूल दगावलेल्या बातमीवर तो शब्द बसतो आणि कुणाला खटकत नाही. त्याच पानावर कुणी पुढारी ‘ढाण्या वाघ’ असतो. आणि ‘एवढ्या पहाटे शेतात कशाला गेले?’ या प्रश्नात एकही जनावर नाही, पण याच्याइतकं निर्दय वाक्य दुसरं ऐकलेलं नाही.

तेव्हा उपसंपादकांनो, लाल पेन काढलंच आहे तर तो ‘धुमाकूळ’ कापा. बैल आणि झोपा तेवढा राहू द्या.