खाड्याची भरपाई
(क्रीडाप्रपंच)

पोलादपुराहून आंबेनळी घाट चढून, प्रतापगडाला वळसा घालून जो रस्ता महाबळेश्वरी पोहोचतो, तोच पुढे साताऱ्याकडे उतरून कऱ्हाडची वाट धरतो. आणि म्हणूनच की काय, कऱ्हाडलगतच्या गोळेश्वराचे मल्ल खाशाबा दादासाहेब जाधव यांना घाटाखालचे आम्ही महाडकर परमुलखातले मानीत नाही. 1952 साली हेलसिंकीस त्यांनी मिळविलेले कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्या पदकाचा जमाखर्च मात्र क्वचितच कोणी मांडतो.

1948 साली लंडनला ते सहावे आले, तेव्हा मातीत वाढलेल्या या गड्याला मॅट नवीनच होती. परंतु प्रतिस्पर्ध्याच्या मानेस हाताची मिठी घालून त्याला क्षणार्धात आसमान दाखविणारी त्यांची ढाक तिथेही चालली. चार वर्षांनी पुन्हा जाण्याची वेळ आली, तेव्हा सरकारदरबारचे अर्ज पुरे पडेनात. अखेर कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. हेलसिंकीत जपानच्या इशीशी दीर्घ झुंज होताच खाशाबांना विश्रांतीवाचून रशियन मल्लापुढे उभे केले गेले, आणि नियमावर बोट ठेवून हरकत घेण्यास आपला एकही अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगतात.

विलायतेत हा पैशाचा प्रश्न 1895 सालीच चव्हाट्यावर आला होता. उत्तर इंग्लंडातील खाणींत व गिरण्यांत राबणारा रग्बीपटू सामन्याला गेला की त्याचा रोज बुडे. तो भरून देण्यास लंडनच्या धुरीणांनी नकार देताच उत्तरेकडील क्लबांनी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात सवता सुभा मांडला, आणि त्यातूनच तेरा गड्यांची रग्बी लीग निपजली. (अंगावर येणाऱ्या गड्याला कवेत घेऊन भुईसपाट करण्याचा हा खेळ, आमच्या हुतुतूची पकड पाहिलेल्यास फारसा परका वाटू नये.) हौशी खेळाडू हे बिरुद ज्याची चूल आपोआप पेटते त्यालाच परवडते, हे त्या मजुरांनी ओळखले, आपण मात्र पदक घेऊन परतलेल्या गड्याची बैलगाड्यांची मिरवणूक काढली की ऋणमुक्त होतो. खाशाबा 1955 साली फौजदार झाले, बढती रखडत रखडत मिळाली, 1984 साली अपघाती निधन झाले. अर्जुन पुरस्कार आला तो मरणोत्तर, आणि पद्म किताब तर आलाच नाही.

महाड आणि पोलादपूर या आमच्या दोन्ही तालुक्यांतील कबड्डीपटूंच्या पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत खपल्या. सामन्यासाठी खाडा केला की पगार कापला जाई. आज गडी रोजंदारीवर वा कंत्राटी कामावर असतो, एवढाच काय तो फरक. म्हणून येत्या मोसमात सामने भरविणाऱ्या मंडळांनी कमरेएवढ्या चषकांपैकी एखादा कमी करावा आणि कामावर पाणी सोडून मैदानात उतरणाऱ्या गड्याचा बुडालेला रोज रोख भरून द्यावा, एवढी माझी विनंती आहे.

— सावित्रीकर